पहिला दात आला, डॉक्टरकडे कधी न्यायचं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की लहान मुलांच्या दातांबद्दल काय विचारायचंय ते पाठवा, आणि खरं सांगते एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता, मुलाला पहिल्यांदा दाताच्या दवाखान्यात कधी न्यायचं आणि त्याचा खर्च इन्शुरन्समधून मिळतो का. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून त्यातली चार पत्रं निवडलीत. पत्रं लांबलचक होती, मी थोडी कापलीत.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 13 महिन्यांचा आहे, वरचे चार आणि खालचे दोन दात आलेत. मी घरी म्हटलं याला एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवून आणूया, तर सगळे हसायलाच लागले. सासूबाई म्हणाल्या अगं दुधाचे दात ते, पडणारच आहेत, एवढ्याशा पोराला कोण नेतं का. रात्री तो बाटलीनं दूध पीत पीतच झोपतो, दुधात थोडी साखर असते, नाहीतर पीतच नाही. मी उगीच काळजी करतेय का? – एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, तुम्ही अजिबात उगीच काळजी करत नाहीयात, उलट पहिल्या तपासणीची वेळ जराशी उलटूनच गेलीय, तेव्हा आता लगेच न्या. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली तपासणी करायची, हा नियम जगभरातले बालदंतवैद्य पाळतात. आपल्याकडे उष्टावण होतं साधारण सहाव्या महिन्यात आणि पहिला दातही बऱ्याच बाळांना त्याच सुमाराला दिसतो, त्यामुळे मी आयांना सांगते की उष्टावण झालं की दाताच्या डॉक्टरचं नाव शोधायला लागा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी एक चक्कर मारून या. कुणाला चौथ्या महिन्यात दात येतो, कुणाला वर्ष होतं तरी बोळकंच असतं, दोन्ही चालतं. वर्ष-सव्वा वर्ष झालं तरी एकही दात नसेल तर मात्र दाखवून घ्या.

आता सासूबाईंचा मुद्दा. दुधाचे दात पडतात हे खरंच आहे पण कधी पडतात ते बघा ना. पुढचे सहा-सात वर्षांना पडतात, मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर त्याला अजून सात-आठ वर्षं त्याच दाढेनं भाकरी चावायचीय. कीड मुळापर्यंत गेली की खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग पुढे तारा लावायची वेळ येते. हे सगळं सासूबाईंना शांतपणे सांगा, त्या नातवाच्या वाईटावर नाहीयेत, त्यांच्या वेळी दुखल्याशिवाय कुणी दवाखान्यात जातच नव्हतं.

मला खरी काळजी वाटतेय ती रात्रीच्या बाटलीची. बाळ झोपलं की लाळ कमी होते आणि साखरेचं दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बहुतेक वेळा वाचतात. त्यामुळे कीड सुरू होते ती वरच्या पुढच्या चार दातांपासून. आज घरीच एक करून बघा, बाळाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर घ्या, बोटानं वरचा ओठ हळूच उचला आणि हिरडीला लागून दात कसा दिसतो ते बघा. तिथे खडूनं ओढल्यासारखी पांढरट, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची अगदी पहिली पायरी, त्या वेळी ती थांबवता येते, कित्येकदा परतही फिरते. रेघ पिवळी-तपकिरी झाली आणि तिथे खड्डा पडला की ती पायरी गेली.

बाटली एकदम बंद केलीत तर घरात तीन रात्री कुणी झोपणार नाही, त्यापेक्षा साखर दोन-चार दिवसांत कमी करत बंद करा, मग झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं थोडं पाणी वाढवा. दहा-पंधरा दिवसांत बाटलीत निव्वळ पाणी उरतं आणि बाळाचा त्यातला रस आपोआप संपतो. दूध दिवसा कपातून द्या, पोषणाचं काही बिघडत नाही. अंगावर पाजत असाल तर पाजणं थांबवू नका, फक्त रात्री शेवटचं पाजून झालं की ओल्या मऊ कापडानं दात पुसून घ्या. चोखणीला मध लावून देऊ नका, आणि मध तर एक वर्षाच्या आत बाळाला कुठल्याच रूपात द्यायचा नसतो, गुटीत सुद्धा नाही. अजून एक, काही घरांत आजीची मशेरी बाळाच्या हिरडीवर फिरवली जाते, दात लवकर येतात म्हणून. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू हो, कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका.

ब्रश पहिल्या दातापासून, दिवसातून दोनदा, रात्रीचा अजिबात चुकवायचा नाही. पेस्ट फ्लोराइडची, पण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच आणि तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात तशी नको. ट्यूब घेताना मागे बारीक अक्षरात फ्लोराइड किती पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) ते वाचा, आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम असायला परवानगी आहे आणि मुलांसाठीच्या बऱ्याच रंगीत ट्यूबांमध्ये फ्लोराइड नसतंच. ब्रश तुम्हीच करायचा, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत मुलांचा हात तेवढा वळत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं याची भीती असते म्हणून सांगते, त्या मोठ्या खुर्चीत बाळाला बसवतच नाहीत. तुम्ही आणि मी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं, बाळ तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीवर, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, आणि मग त्याला हळूच मागे झोपवायचं की डोकं माझ्या मांडीवर येतं. हात तुम्ही धरायचे, त्याला वर बघितलं की आई दिसत राहते. ते रडतं, रडू दे, रडताना तोंड उघडं असतं आणि मला दाढेपर्यंत सगळं दिसतं, दोन मिनिटांत काम संपतं. गरज वाटली तर दातांवर फ्लोराइडचं वार्निश लावतो, छोट्या ब्रशनं पिवळसर लेप, त्या दिवशी कडक काही खायचं नाही आणि ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा. बाकी वेळ बोलण्यातच जातो, काय खातं, कधी खातं, कोण सांभाळतं. तपासणी शक्यतो सकाळी, बाळाची झोप-खाणं झालेलं असताना ठेवा, आणि घरात कुणालाही म्हणू देऊ नका की गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील. त्या एका वाक्यानं माझं पुढच्या पाच वर्षांचं काम अवघड होतं.

कुणाकडे जायचं? बीडीएस या दातांच्या डॉक्टरांच्या पदवीनंतर तीन वर्षं लहान मुलांच्या दातांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, त्यांना पेडोडॉन्टिस्ट म्हणतात, मिळाले तर उत्तम. नसतील तर तुमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर पहिली तपासणी नक्की करू शकतात, फोन करून एवढंच विचारा की एक वर्षाचं बाळ बघता का.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मुलगा साडेचार वर्षांचा. गेल्या महिन्यात गाल सुजला म्हणून नेला तर आठ दात किडलेत असं कळलं. डॉक्टर म्हणतात तो खुर्चीत बसूच देत नाही, तर हॉस्पिटलमध्ये भूल देऊन एकाच वेळी सगळं करू, तीन दातांचं रूट कॅनल, कॅप वगैरे. आमची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच आरोग्य पॉलिसी आहे, दरवर्षी हप्ता भरतो, पण एजंट म्हणतो दातांचं काहीच मिळत नाही. मग मुलाचं नाव घालून उपयोग काय? आणि दातांसाठी वेगळा इन्शुरन्स आधीच घ्यायला हवा होता का? – एक वडील, नाशिक

उत्तर : दादा, आधी मुलाचं, मग पैशाचं. गालावर सूज येऊन गेलीय म्हणजे इन्फेक्शन मुळाच्या बाहेर पडलं होतं. गोळ्यांनी सूज उतरली तरी आतलं कारण तसंच असतं, ते परत येणार. पुन्हा सूज आली आणि सोबत ताप, डोळ्याखाली सूज चढणं, गिळायला त्रास, तोंड उघडता न येणं यातलं काहीही दिसलं तर क्लिनिक उघडायची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला न्या. साडेचार वर्षांच्या मुलाचे आठ दात एकेक करून आठ-दहा वेळा रडवत करण्यापेक्षा भूल देऊन एकदाच करणं बऱ्याचदा खरंच बरं असतं, फक्त ते नीट ऑपरेशन थिएटर असलेल्या ठिकाणी, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असताना आणि आधी बालरोगतज्ज्ञांनी तपासून झाल्यावर. दरम्यान जे दात अजून दुखत नाहीयेत त्यांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येईल का ते डॉक्टरांना विचारा. ते औषध थेंबभर लावायचं असतं, ड्रिल नाही, सुई नाही, कीड थांबवायचं काम करतं. किडलेला भाग काळा पडतो आणि तो तसाच राहतो, हे आधी माहीत असू द्या.

आता पॉलिसी. एजंट म्हणाले ते बऱ्याच अंशी बरोबर आहे पण पूर्ण बरोबर नाही. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचा विमा आहे, आणि दाताची तपासणी, सिमेंट भरणं, रूट कॅनल, कॅप ही सगळी बाहेरच्या बाहेर होणारी कामं म्हणून ओपीडीत धरतात. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचा खर्च अपघातामुळे झाला असेल आणि भरती व्हावं लागलं असेल तरच देतात. पण सगळ्या पॉलिसी सारख्या नसतात. विमा नियामकानं ठरवून दिलेली आरोग्य संजीवनी ही 2020 पासूनची प्रमाणित पॉलिसी बघा, तिच्यात भरतीच्या खर्चाखाली आजारामुळे किंवा इजेमुळे कराव्या लागलेल्या दातांच्या उपचाराचा उल्लेख आहे. तुमच्या नोकरीच्या ठिकाणची ग्रुप पॉलिसी असेल तर तीही काढून बघा, कंपन्या कधीकधी दातांची छोटी मर्यादा वेगळी घालतात आणि माणसांना माहीतच नसतं.

तेव्हा एजंटला फोन करण्याऐवजी असं करा. पॉलिसीचं पूर्ण पुस्तक उघडा, कार्ड किंवा दोन पानी माहितीपत्रक नको. त्यात व्याख्यांमध्ये डेंटल ट्रीटमेंट शोधा, मग वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, मग डे-केअरची व्याख्या. भूल देऊन 24 तासांपेक्षा कमी वेळात होणारे उपचार डे-केअरमध्ये येतात पण त्याच व्याख्येत शेवटी वाक्य असतं की जे नेहमी ओपीडीत केलं जातं ते यात धरलं जाणार नाही, आणि दातांचे क्लेम बहुतेक या वाक्यावरच अडतात. म्हणून डॉक्टरांकडून पत्र घ्या, मुलाचं वय, किती दात, सूज कधी आली, खुर्चीत उपचार का होऊ शकत नाहीत, पूर्ण भूल का लागतेय, सगळं लिहून, सोबत एक्स-रे आणि खर्चाचा अंदाज जोडा आणि उपचाराच्या आधी विमा कंपनीला मेलवर विचारा. मिळेल असं मी म्हणत नाहीये, नाकारलं जाण्याचीच शक्यता जास्त धरून चला, पण उत्तर लेखी आणि कलमासकट घ्या. नाकारणं पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि तरी नाही झालं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही. कुणी सुचवलं की नुसतं क्लेमसाठी एक रात्र जास्त भरती ठेवू किंवा पडला असं लिहू, तर त्याला नाही म्हणा, खोटी माहिती निघाली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते आणि ती तुमच्या सगळ्या घराची आहे.

मुलाचं नाव घालून उपयोग काय असं लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. डेंगी, न्यूमोनिया, हात मोडणं, अपेंडिक्स यासाठी ते नाव हवंच, आणि बहुतेक फ्लोटरमध्ये बाळ 90 दिवसांचं झालं की नाव घालता येतं, लगेच घालायचं. दातांसाठी वेगळं म्हणाल तर ओपीडीचं कव्हर जोडून मिळतं काही पॉलिसींना. घेण्याआधी वही काढून हिशोब करा, वर्षाचा जादा हप्ता किती, दातांसाठी मर्यादा किती, किती महिने थांबावं लागतं, आणि ठरावीक दवाखान्यांतच चालतं का, मग तुमच्या नाशिकमध्ये ते दवाखाने आहेत का. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत नको वाटली तर परत करता येते, त्या दिवसांत हे सगळं वाचून काढा. अॅपवर डेंटल प्लॅन म्हणून जे विकतात त्यातले कित्येक फक्त सवलतीचे कार्ड असतात, विमा नसतो, तेही तपासा.

माझ्या अनुभवात लहान मुलाच्या वर्षातल्या दोन तपासण्या आणि दोनदा वार्निश यांचा खर्च आणि एका दाताच्या रूट कॅनल-कॅपचा खर्च यांची तुलनाच होत नाही. मी पालकांना सांगते की विमा मिळत नसेल तर मुलाच्या नावानं महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका, तपासणीला तेवढे पुरतात. या उपचारानंतर तुमच्या मुलाला दर तीन महिन्यांनी आणा, एकदा एवढे दात किडलेल्या तोंडात परत कीड व्हायचा धोका जास्त असतो. आणि संक्रांतीला, बोरन्हाणाला, वाढदिवसांना चॉकलेट आलीच तर जेवणानंतर लगेच एकदाच खाऊ द्या, दिवसभर डब्यातून एकेक काढून खाणं जास्त वाईट.

तो सहा वर्षांचा होईल तेव्हा एक लक्षात ठेवा. दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, चार नवीन दाढा येतात. त्या पक्क्या असतात, परत येणार नसतात, आणि पालक त्यांना दुधाच्याच समजून सोडून देतात. त्या दिसल्या की खाचा बुजवणारं सीलंट लावून घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी आठ महिन्यांची आहे, दोन दात आलेत. मिस्टरांच्या कंपनीत आता बेनिफिट्स निवडायची वेळ आलीय, मेडिकलमध्ये ती आहे, डेंटल वेगळं घ्यावं लागतं. दोन दातांसाठी डेंटल घ्यायचं का? की दिवाळीत पुण्याला येऊ तेव्हा दाखवू? – एक वाचक, एडिसन

उत्तर : डेंटलमध्ये तिचं नाव घाला. तिकडचे कंपनीचे डेंटल प्लॅन बहुतेक तपासणी आणि क्लीनिंगचा पूर्ण खर्च देतात, सिमेंटचा साधारण 80 टक्के आणि कॅपसारख्या मोठ्या कामाचा 50 टक्के, आणि मुलाचा हप्ता सहसा फार नसतो. आत्ता राहिलं तर पुढच्या निवडीपर्यंत वर्षभर थांबावं लागतं. बाळ जन्मल्यावर कंपनीच्या मेडिकल प्लॅनमध्ये नाव घालायला निदान 30 दिवस मिळतात, ते तुम्ही वेळेत केलंत हे छान, तुमच्या मैत्रिणींनाही सांगा कारण हे बऱ्याच जणांचं राहून जातं. कंपनीचा विमा नसेल तर सरकारी मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतः विमा निवडून घ्यायच्या ठिकाणी, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डेंटल उपलब्ध ठेवावंच लागतं, आणि कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना मेडिकेड किंवा चिप योजनेत दातांचे उपचार मिळतात.

अजून एक गोष्ट तिकडच्या आयांना सहसा माहीत नसते, पहिल्या दातापासून पाच वर्षांपर्यंत फ्लोराइड वार्निश तुमचे बालरोगतज्ज्ञच लावू शकतात आणि ते मेडिकल इन्शुरन्समध्ये प्रतिबंधक सेवा म्हणून येतं. पुढच्या लसीच्या वेळी विचारा. पुण्याला जरूर या पण पहिली तपासणी तिथेच, पहिल्या वाढदिवसाच्या आत, प्लॅनच्या नेटवर्कमधल्या मुलांच्या डेंटिस्टकडे करा, म्हणजे पुढे रात्री-अपरात्री पडली-लागली तर तिची फाईल जवळ असेल.

प्रश्न : मॅडम, मी जव्हार भागात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे इन्शुरन्स वगैरे कुणाला नाही. तीन-चार वर्षांच्या पोरांचे पुढचे दात काळे होऊन झिजलेत, आया म्हणतात दुखत नाही मग कशाला. मी काय करू शकते? – एक सेविका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्याच पालघरमधून फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, आणि ज्या आजारांसाठी बघायचं त्या यादीत किडलेले दात आहेत. तपासणीला येणारं डॉक्टरांचं पथक वजन-उंचीत गुंतलेलं असतं आणि दात बघायचे राहून जातात, म्हणून ते यायच्या आधी तुम्ही स्वतः ओठ उचलून बघा, वर चिंचवडच्या ताईंना सांगितलंय तसंच, आणि पांढरी रेघ, काळा दात, हिरडीवर फोड असलेल्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. हिरडीवर पुळीसारखा फोड असेल तर दुखत नसलं तरी आत पू आहे, ते मूल आधी पाठवायचं. पथकानं चिठ्ठी दिली की पुढचा उपचारही या कार्यक्रमात मोफत आहे. कुणी मुंबईपर्यंत जाऊ शकत असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा खूपच कमी येतो.

आयांना दुखण्याचं सांगून पटणार नाही, तुम्ही विचारा की पोरगं भाकरी चघळत बसतं का, एकाच बाजूनं खातं का, रात्री उठतं का. बऱ्याच जणी हो म्हणतील, त्यांना ती पोराची सवय वाटते. पोरं दुपारी खाऊन उठली की त्यांना पाण्यानं चूळ भरायला लावा, आणि कुणी दानात ब्रश दिलेच तर मुलाचं नाव त्यावर मार्करनं लिहा, एका घरात एकच ब्रश चौघं वापरतात हे मी शिबिरांत पाहिलंय. पथकाची चिठ्ठी आईकडे दिलीत तरी नाव, तारीख आणि कुठे पाठवलं ते तुमच्या रजिस्टरला लिहून ठेवा, पुढच्या फेरीला तेच पान उघडून विचारता येईल.